सातव्या टेबलावरचे गुरुजी

भिक्खूंचं मंत्रपठण नेमकं रंगात आलं आणि मला उचकी लागली.

साधीसुधी नाही. दर चार श्वासांना एक, आणि प्रत्येक वेळी गळ्यातून असा काही आवाज, की पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायच्या. सभागृहात तीनशे माणसं, सगळी हात जोडून, डोळे मिटून. समोर बावीस टेबलं. प्रत्येकावर पांढरी चादर, चादरीवर मोगऱ्याचा हार आणि उशाशी फोटो. सात नंबरच्या टेबलावर माझे बाबा.

आईने कोपर मारलं. "गिळ."

"गिळतेच आहे," मी म्हटलं, आणि परत उचकी.

तेवढ्यात शेजारून एक हात पुढे आला. हातात पाण्याची बाटली. हातामागे पांढरा कोट, कोटाच्या वर चष्मा, आणि चष्म्यामागे... जाऊ दे, ते पुढे सांगते.

"नाक धर. दहा घोट सलग. मधे श्वास घ्यायचा नाही," तो कुजबुजला. उत्तरेकडचा होता. शब्द असे ओढून बोलायचा, जणू प्रत्येकाला आरामात उतरायला वेळ द्यायचाय.

मी सात घोटांतच ठसकले.

"तुझा दोष नाही," तो म्हणाला. "मानेच्या वर, कवटीच्या तळाशी एक जागा आहे. तिथे उचकीचं दुकान आहे. आपल्याला न विचारता उघडतं."

"मग बंद करा ना ते."

"मी दुसऱ्या वर्षाला आहे. अजून तिथवर पोचलो नाही. डिसेंबरात पोचू."

मला हसू आलं. असल्या जागी, बाबा समोर असताना, हसू. "तुम्ही कुठल्या टेबलाचे?" मी विचारलं.

"सात."

आणि उचकी थांबली. एकदम. जशी आली तशी.

आमच्याकडे वैद्यकीच्या कॉलेजला देह दिलेल्या माणसाला कुणी प्रेत म्हणत नाही. मोठे गुरुजी म्हणतात. विद्यार्थी रोज आत जाताना त्यांना हात जोडतात, निघताना जोडतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर फुलं घेऊन येतात. माझे बाबा चौथी पास. फेचाबुरी प्रांतातल्या आमच्या गावात रोज पहाटे आणि संध्याकाळी चाळीस ताडांवर चढायचे, नीरा उतरवायचे, आणि आई मोठ्या कढईत तिचा गूळ करायची. माझं नावही त्यांनी ठेवलं तान, आमच्या भाषेत ताड. आता ते गुरुजी. त्यांना हे कुणी सांगितलं असतं, तर हसता हसता शिडीवरून खाली आले असते.

त्या मुलाचं नाव थिव. मी त्याला पी थिव म्हणायचे. वयाने मोठा असलेल्या कुणालाही आम्ही 'पी' म्हणतो, भावालाही, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाही. फार सोयीचं पडतं ते. आईसमोरसुद्धा हाक मारता येते.

*

आता खरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

डिसेंबरात शाळेत वडिलांचा दिवस असतो. सगळ्या वडिलांना बोलावून खुर्च्यांवर बसवतात आणि मुलं त्यांच्या पायाशी बसून, सगळ्या शाळेदेखत, फूल देतात. हे सभागृहातल्या त्या दिवसाच्या जवळजवळ दोन वर्षं आधीचं; मी चौदा वर्षांची होते. त्या सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. आणि मी म्हटलं, "बाबा, तुम्ही येऊ नका. तुमच्या अंगाला धुराचा आणि आंबलेल्या नीरेचा वास येतो. मुली हसतात."

ते "बरं" म्हणाले. सदरा काढून खुंटीला अडकवला. बटणं लावून अडकवला – एवढं मला दिसलं, आणि मी सायकलवर बसले.

दुपारी ते कढईपाशी कोसळले. मेंदूत रक्तस्राव.

त्यानंतर तीन महिने ते घरी, खाटेवर. नाकातून नळी, पापण्या अर्धवट उघड्या. बोट हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बेशुद्ध आहेत. आई म्हणाली, डॉक्टर पाच मिनिटं बघतात, आम्ही दिवसभर बघतो. कारण बाबांचे डोळे हलत होते. झटकन खाली जायचे, आणि मग सावकाश वर यायचे.

"वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही," आईने त्यांना समजावून सांगितलं. आणि विचारलं, "दुखतंय का?"

डोळे खाली. नाही.

आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. मग काय, सगळा गाव येऊन बाबांशी बोलायला लागला. थंडी वाजतेय का? नाही. गाद्या टोचतायत का? नाही. आत्याने विचारलं, "मला ओळखलंस का रे?" तर डोळे खाली, नाही. आम्ही पोट धरधरून हसलो, कारण आत्याचं आणि त्यांचं कधी पटलंच नाही. पुढे कॉलेजची माणसं माहिती द्यायला गावात आली, तेव्हा आईने तेही विचारलं. "तुमच्यामागे तुमचा देह शिकणाऱ्या पोरांना दिला, तर काही हरकत आहे?" नाही.

आणि मी. एका दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी त्यांच्या कानाशी वाकले. "बाबा, त्या दिवसाबद्दल माझ्यावर राग आहे का?"

ते काही क्षण... ते थांबणं मला अजून आठवतं. आणि मग डोळे झटकन खाली.

नाही.

त्या एका शब्दावर मी उभी राहिले, खरंच सांगते. आधी मी वर्गात केसांच्या मागे लपून बसायचे. ते गेल्यानंतर मी केस कापले, वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं, अकरावीत वर्गाची प्रमुख झाले. कुणी विचारलं, एवढा धीर कुठून आणतेस, तर मी नुसती हसायचे. माझ्या बाबांनी मला माफ केलं होतं. आणखी काय लागतं माणसाला?

*

ऑक्टोबरच्या सुट्टीत सातव्या टेबलाचे पाचही विद्यार्थी आमच्या घरी आले. तशी रीतच आहे. ज्या गुरुजींकडून शिकायचं ते कोण होते, कसे जगले, काय खायचे, हे घरी जाऊन विचारून यायचं. त्यांची म्होरकी होती पी वान, गोल चेहऱ्याची, बडबडी. वहीच घेऊन बसली. आईने कोवळ्या ताडफळाची आमटी केली होती. पी थिवने तीनदा भात घेतला आणि चौथ्यांदा घ्यायला लाजला, म्हणून आईने न विचारताच वाढला.

जेवणं झाल्यावर मी त्याला बाबांचं पहिलं झाड दाखवायला नेलं. बांबूची शिडी अजून खोडाला बांधलेली होती.

"चढू?" त्याने विचारलं.

"पडलात तर तुमच्या आईला मी काय सांगू?"

"सांग, गुरुजींच्या मार्गावर होता."

पाच पायऱ्या चढून तो थांबला. वर बघितलं, खाली बघितलं, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "एवढ्या उंचीवरूनही छान दिसतं."

"काय दिसतं?"

"तू."

मी शिडी जरा हलवली. मुद्दाम. तो घाईघाईने उतरला, आणि आम्ही दोघं खोडाला टेकून बसलो. मग मी त्याला ताडाची गोष्ट सांगितली, बाबांनी मला सांगितलेली. ताडाची पानं छाटा, खोडाला खाचा पाडा, तो जगतो. पण शेंड्याच्या आत एक पांढरा कोंब असतो. तेवढा गेला, की एवढं मोठं झाड उभ्या उभ्या संपतं.

तो एकदम सरळ बसला. "अगं, माणसातही तसंच आहे. मेंदूचा देठ."

"पुस्तकात मस्तिष्कस्तंभ लिहिलंय."

"तेच. एवढा असतो बघ." त्याने आपला अंगठा पुढे धरला. "वर एवढा थोरला मेंदू, आठवणी, भाषा, गणितं, सगळा थाट. पण तो ज्यावर उभा आहे तो देठ एवढासा. त्याचे तीन मजले. तळमजल्यावर श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, खोकला..."

"आणि माझ्या उचकीचं दुकान."

"आणि ते. मधल्या मजल्याला पूल म्हणतात. मेंदूचे सगळे हुकूम त्या पुलावरून खाली हातापायांना जातात. चेहरा हलवणं, डोळे डावी-उजवीकडे फिरवणं, तेही तिथलंच काम. आणि वरच्या मजल्यावरून डोळे वर-खाली होतात. उजेड पडला की बाहुली लहान होते, ती तिथून."

"झालं?"

"नाही. पुलाच्या मागच्या बाजूने वरच्या मजल्यापर्यंत एक जाळं जातं. ते आपल्याला जागं ठेवतं."

"जागं म्हणजे, झोपेतून?"

"जागं म्हणजे... तू असणं. तू इथे आहेस, हे तुला कळणं."

वर पानं सळसळत होती. मी त्याला सगळं सांगितलं. बाबांचे डोळे, हो आणि नाही, आणि डॉक्टरांचं न ऐकणारी माझी आई. सदऱ्याचं मात्र सांगायला वेळ लागला. तेही सांगितलं. आधी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"असं होऊ शकतं," तो हळू म्हणाला. "पुलाचा फक्त पुढचा भाग गेला आणि मागचं जाळं शाबूत राहिलं, तर माणूस आत पूर्ण जागा असतो. बोलता येत नाही, हात हलत नाही, पण सगळं ऐकतो. डोळे तेवढे वर-खाली करता येतात."

मी त्याचा दंड धरला. "म्हणजे बाबांचं तेच होतं."

"असेल."

"असेल नाही. डिसेंबरात तिथे पोचलात, की बघून मला सांगायचं. शपथ घ्या."

"विद्यार्थ्याने गुरुजींबद्दल असं बाहेर..."

"मी बाहेरची आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही," तो म्हणाला. "शपथ."

*

मग रविवार सुरू झाले. तो दोन तास व्हॅनमध्ये बसून यायचा, 'गुरुजींच्या घरची विचारपूस' करायला. आई हसायची. आम्ही नदीकाठच्या बाजारात हिंडायचो, तो माझं जीवशास्त्र घ्यायचा, मी त्याला आमच्याकडचं भरभर बोलणं शिकवायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला आठवत नाही. खोटं. आठवतं. तो मोबाइलच्या उजेडात माझ्या बाहुल्या तपासत होता तेव्हा.

"वर बघ."

वर बघितलं.

"खाली."

खाली बघितलं.

"आता माझ्याकडे."

"हे कुठल्या तपासणीत येतं?"

"हे... नाही येत."

"मग मी का बघू?"

"नको बघूस," तो म्हणाला. पण उजेड काही बंद करेना. आणि मी म्हटलं, "तू ना, वाईट डॉक्टर होणार आहेस." झालं. तू.

एक मात्र होतं. त्याने शिकवलेलं मी नीट शिकत होते. देठाची आकृती मी झोपेतही काढली असती. पूल, जाळं, वरचा मजला. काय गेलं की काय जातं. सोमवारी त्याला प्रश्न पाठवायचे आणि तो लिहायचा – बरोबर, नाँग तान, पैकीच्या पैकी. वयाने लहान असलेल्याला आम्ही 'नाँग' म्हणतो.

डिसेंबर आला. मेंदूचा धडा सुरू झाला, असं त्याने कळवलं. मग एक दिवस काही नाही. दोन दिवस नाही. नऊ दिवस त्याचा एक शब्द आला नाही. मी फोन उशीखाली ठेवायचे, वर्गात दप्तराखाली ठेवायचे, आणि स्वतःला सांगायचे, अभ्यास असेल.

दहाव्या दिवशी दुपारी तो आमच्या दारात उभा. रविवार नव्हता. उन्हाने चेहरा लाल झाला होता आणि चष्म्याच्या कडेला घाम.

"बघितलंस?" मी विचारलं.

"हो."

"ऐकू येत होतं ना त्यांना? जागे होते ना?"

मागे आई कढई ढवळत होती, तिचा हात थांबला. पी थिवने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "पुलाचा पुढचा भाग फक्त. जाळं शाबूत होतं. वरचा मजलाही. सगळं ऐकत होते ते... सगळं."

आई खाली बसली, तोंडावर हात धरून. मी पळत सुटले, बाबांच्या झाडापर्यंत, आणि तिथे खोडाला कपाळ टेकून इतकी रडले, इतकी रडले. तो मागून आला. माझा हात त्याच्या हातात घेतला, दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसा.

त्या क्षणापासून मी त्याची झाले. दिवस विचारलात तर तोच.

*

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. त्या महिन्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. लिहायला बसलं की ते सगळे चांगलेच निघतात.

एप्रिलमध्ये कॉलेजचं वर्ष संपलं आणि दहन करून गुरुजींना निरोप द्यायचा दिवस आला. बावीस शवपेट्या, बावीस घरं, एक देऊळ. आपल्या गुरुजींची पेटी विद्यार्थ्यांनीच खांद्यावर आणायची. पी थिव पुढे उजवीकडे होता. चंदनाच्या पातळ सालींची फुलं आम्ही एकेक करून पेटीवर ठेवली. ऊन असं होतं, की जमिनीतून वाफ निघत होती. आईने सावलीत बसून घेतलं. एका मुलीने सगळ्यांना एकेक पुस्तक वाटलं. निरोपाचं पुस्तक. प्रत्येक टेबलाने आपल्या गुरुजींबद्दल एक पान लिहिलेलं.

मी चालता चालता सातवं पान उघडलं. बाबांचा शिडीवरचा फोटो. खाली पी वानचं लिखाण, तिच्यासारखंच भरभरून. ताडफळाच्या आमटीचं होतं, आईच्या हाताचं होतं. मग असं होतं:

"जे इतर कुठल्याही टेबलावर शिकता आलं नाही, ते आमच्या गुरुजींनी सगळ्या वर्गाला शिकवलं. रक्तस्रावाने त्यांचा पूल पुढूनही आणि मागूनही पूर्ण गेला होता, आणि जागं ठेवणारं जाळंही. वरच्या मजल्याचा थोडा भाग आणि तळमजला, एवढंच राहिलं होतं. सरांनी बावीसही टेबलांना आमच्याकडे बोलावून दाखवलं, की जागेपण संपल्यावरही श्वास आणि ठोके किती इमानाने चालू राहतात. गुरुजी, तुम्हाला शेवटी काहीच जाणवलं नाही, कुठलीच वेदना झाली नाही, हे आमचं समाधान."

मी परत वाचलं. पुढूनही आणि मागूनही. जाळंही. माझ्या डोक्यात आकृती आपोआप उभी राहिली, रेषा न रेष, आणि मी एकेक भाग खोडत गेले. जाळं. ऐकणं. जागं असणं. पैकीच्या पैकी.

तो देवळामागे, पाण्याच्या रांजणापाशी उभा होता. तोंडावर पाणी मारत होता. मी पुस्तक उघडं त्याच्यापुढे धरलं.

त्याने वाचलं. पाणी हनुवटीवरून पुस्तकावर ठिबकलं.

"वानने मला दाखवलं नव्हतं," तो म्हणाला.

"दाखवलं असतं तर खोडलं असतंत?"

"...हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्या नऊ दिवसांत. पहिल्याच दिवशी."

"आणि डोळे? ते खाली जायचे ते?"

"तान..."

"मला शिकवा. आजवर शिकवलंत ना."

तो मान वर न करता बोलायला लागला, आणि तेव्हाही शब्द तसेच ओढत होता, सावकाश. "पूल असा पूर्ण गेला आणि वरचा मजला थोडा उरला, की डोळे आपोआप झटकन खाली जातात आणि हळूहळू वर येतात. मासे धरताना गळाचं बूच पाण्यात हलतं तसे. कुणी काही विचारलं तरी, नाही विचारलं तरी."

मी तिथेच पायरीवर बसले. आणि मला सगळे प्रश्न आठवायला लागले. दुखतंय का, थंडी वाजतेय का, हरकत आहे का, राग आहे का. तीन महिन्यांत आम्ही बाबांना असा एक प्रश्न विचारला नव्हता ज्याचं चांगलं उत्तर 'हो' असेल. फक्त आत्याने विचारला होता. आणि आम्ही हसलो होतो.

"थोडंसुद्धा नाही?" मी विचारलं. "एखादा दिवस? सुरुवातीला?"

तो माझ्यासमोर खाली बसला. आज पहिल्यांदा नीट डोळ्यांत बघितलं. "नाही, तान. पहिल्या तासापासून नाही."

"मग दारात का नाही बोललात?"

"बोलायलाच आलो होतो. व्हॅनमध्ये दोन तास पाठ केलं होतं. पण तू विचारलंसच असं... आणि आई ढवळायची थांबली... माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

"आणि माझा हात धरलात तो?"

"तो खरा होता."

"कशावरून?"

देवळात घंटा वाजत होती, कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाका मारत होतं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं."

किती वाट बघितली होती मी ते ऐकायची. आरशासमोर उभी राहून त्याला काय उत्तर द्यायचं, ते पाच तऱ्हांनी ठरवलं होतं. आणि आता ते शब्द माझ्यापाशी आले, आणि मी त्यांना उलटून पालटून बघत बसले, बाजारात आंबा बघावा तशी. दाबून. वास घेऊन.

"पी थिव," मी म्हटलं, "तुम्ही यापुढे मला चांगलं काहीही सांगितलंत, की मी विचार करणार – हे खरं आहे, की माझं रडणं थांबवायला आहे. मला कसं कळणार? कापून बघू?"

तो उठला, बाबांच्या चितेच्या धुराच्या दिशेला वळून हात जोडले, कपाळापर्यंत नेले, आणि त्याच्या माणसांत निघून गेला. मी त्याच्याकडे वळून बघितलं नाही, असं मैत्रिणींना सांगितलंय. बघितलं. व्हॅन वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. खिडकीला टेकलेलं त्याचं डोकं दिसत होतं.

*

घरी पोचलो तर संध्याकाळ कलली होती. आईने अस्थींचं भांडं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, फुलं वाहिली, आणि ओट्यावर येऊन बसली. वर्षानुवर्षं कढईच्या धुरापाशी बसून तिचे डोळे गेल्यासारखेच आहेत. बारीक अक्षर तिला दिसत नाही.

"ते पुस्तक आण," ती म्हणाली. "सगळ्या बायका तिथे वाचून रडत होत्या. आपल्या पानावर काय आहे?"

"उद्या वाचू. दमलीस तू."

"आण गं."

मी पुस्तक आणलं. पान उघडलं. ती तोवर ओट्यावरचा एक वाळका धागा बोटाने उकलत बसली होती.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "तू शाळेत होतीस तेव्हा. मी पण त्यांना एक विचारलं होतं. एकटीने."

"काय?"

"ते पडले ना, तेव्हा मला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला. कढईतला पाक उतू येत होता. मी आधी कढई उतरवली. गूळ साच्यांत ओतला. मग त्यांना हलवलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आणायला." तिने धागा तोडला. "मी विचारलं त्यांना – माझ्यामुळे झालं का हे? तर म्हणाले, नाही. डोळ्यांनी, चक्क. म्हणून मी उठतेय बघ रोज. नाहीतर त्या कढईपाशी मला बसवलं नसतं. वाच आता."

अक्षरं तिथेच होती. पुढूनही आणि मागूनही. पाण्याचा एक थेंब वाळून कागद तेवढाच फुगला होता.

मी घसा साफ केला.

"आमच्या गुरुजींचं शरीर थकलं होतं," मी वाचलं, "पण आतून ते पूर्ण जागे होते. घरच्यांचा शब्द न शब्द त्यांना ऐकू येत होता. आणि त्यांनी जे जे सांगितलं, ते... ते विचार करून सांगितलं."

आईने डोळे पुसले. "थिवने लिहिलंय ना? त्याच्याशिवाय कुणी असं लिहिणार नाही. गुणी आहे हो मुलगा."

"हो," मी म्हटलं. "त्यानेच लिहिलंय."

ती माझ्याकडे सरकली, माझ्या खांद्याला डोकं टेकलं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी पानाकडे बघितलं. आधी नेमकं काय वाचलं होतं, ते मला आठवेना.